बांबूच्या दोन पानांची चौकशी

विषय : अक्षर आणि चित्र ही दोन वेगळी खाती आहेत की एकच, याबाबत.

संदर्भ : चीन देशातील एका राज्याच्या प्रधानांचा अर्ज. अर्जावरची तारीख पुसली गेली आहे. अर्ज शाबूत आहे.

वरील विषयाची हकीकत लहानथोर सर्वांना कळावी म्हणून येथे देत आहे.

खूप जुन्या काळी, जेव्हा राजे अजून स्वतःच्या डोक्याने निर्णय घेत असत, तेव्हा उगवतीकडे, बर्फाच्या डोंगरांपलीकडे, चीन देशात एक राज्य होते. तिथे बोरू नव्हता, टाक नव्हता. माणसे कुंचल्याने लिहीत, वरून खाली. आणि त्याच कुंचल्याने चित्रेही काढीत. शाईसुद्धा एकच, काळी. तिची वडी असे. ती चंदनासारखी सहाणेवर पाणी घालून उगाळायची, कुंचला उभा धरायचा आणि कागदाला टेकवायचा. टेकवला की संपले. तिथल्या कागदावरची रेघ खोडता येत नसे, गिरवता येत नसे आणि ‘नजरचुकीने झाले’ असे म्हणून मागेही घेता येत नसे. कचेरीच्या कामाला ही फारच गैरसोयीची शाई होती.

राजवाड्याच्या आवारात कुंचल्याची कचेरी होती. तिथे एक भाऊ आणि एक बहीण काम करीत. भाऊ लिहीत असे, बहीण चित्रे काढीत असे. दोघांनाही शिकवले होते त्यांच्या आईने, तेही नदीच्या घाटावर. आई धुणे धुवायला जाताना एक जुना कुंचला बरोबर नेई. कागद घेण्याची ऐपत नव्हती. तापलेल्या दगडावर ओला कुंचला फिरवायचा, उन्हाने रेघ वाळून जायच्या आत पाहून घ्यायची आणि पुन्हा काढायची.

त्या देशात एका शब्दाला एक अक्षर असते. ‘माणूस’ या अक्षरात दोनच रेघा. एक झुकत खाली येते, दुसरी तिला टेकू देते.

आई मुलाला म्हणे, “आधी ते बांबूचं बेट बघ. वरचं पान कसं कललंय, खालचं त्याला कसं धरून आहे. बघितलंस? आता लिही माणूस.”

आणि मुलीला म्हणे, “तू आधी माणूस लिही. हात बसला की मग पानं काढ.”

मुले दोन होती. धडा एकच होता.

पुढे आई गेली, मुले मोठी झाली आणि दरबारी लागली. बहीण डोंगर काढी, धुके काढी, वाऱ्यात वाकलेले बांबू काढी. चित्र पुरे झाले की एका बाजूला ती कोरी जागा सोडी. ती जागा विसरून राहिलेली नसे. ती दादाची असे. दादा तिथे दोनचार ओळी लिही, खाली लाल शिक्का उमटवी आणि मगच चित्र पुरे झाले असे सगळे मानीत. तिथली रीतच होती तशी.

पाहुणे येत आणि म्हणत, “वा! काय डोंगर आहे! आणि अक्षर तरी काय सुरेख!”

पण दुसरे वाक्य येईपर्यंत बहुतेक पाहुणे चहाकडे वळलेले असत. त्यामुळे भावाच्या कानावर पहिलेच वाक्य जास्त पडे. एके दिवशी एक सरदार चित्रासमोर उभा राहिला, मान डोलावली आणि म्हणाला, “डोंगर झकास. पण कोपऱ्यात कुणीतरी काहीबाही लिहून ठेवलंय, ते पुसता नाही का येणार?”

भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

“दादा, अरे तो सरदार गाढव आहे,” बहीण म्हणाली. “त्याला घोडा आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. मागच्या खेपेला माझी म्हैस बघून घोडा छान म्हणाला.”

“पण छान म्हणाला ना!” भाऊ म्हणाला, आणि तडक प्रधानांकडे गेला.

प्रधानांच्या भुवया दोन झुडपांसारख्या होत्या आणि त्यांना नीटनेटकेपणाची आवड होती. आवड कसली, व्याधीच. त्यांच्या घरी भात एका खोलीत वाढला जाई आणि कालवण दुसऱ्या खोलीत. ‘माझ्या अक्षराला चित्रापासून वेगळा कागद हवा’ हे भावाचे गाऱ्हाणे ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे इतकी वर्षं अक्षर आणि चित्र एकाच खोलीत आहेत? आणि मला कुणी सांगितलं नाही?”

झाले. आदेश निघाला. जो लिहील त्याने चित्र काढू नये, जी चित्र काढील तिने लिहू नये. जो कोणी दुसऱ्याचे काम करील त्याचा कुंचला मोडण्यात येईल आणि पुन्हा आयुष्यभर कुंचला हाती देण्यात येणार नाही. राजाने न वाचताच शिक्का मारला. आदेशावर शिक्का मारायचा असतो एवढे त्याला माहीत होते.

कचेरीच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंत अगदी सरळ होती. प्रधानांनी स्वतः दोरी धरली होती. त्यामुळे शाई उगाळायची मोठी सहाण अक्षरखात्यात गेली आणि पाण्याची विहीर चित्रखात्यात राहिली.

आता अक्षरखात्याकडे सहाण होती, पण पाणी नव्हते. चित्रखात्याकडे पाणी होते, पण सहाण नव्हती. अक्षरखात्याने पाण्याची मागणी लिहून पाठवली. चित्रखात्यात लेखी मजकूर वाचण्याला मनाई असल्यामुळे ती परत आली. चित्रखात्याने सहाणेचे चित्र काढून पाठवले. अक्षरखात्यात चित्राची नोंद करता येत नसल्यामुळे तेही परत आले. शेवटी भावाने पावसाचे साठलेले हिरवट पाणी वापरले आणि बहिणीने अंगणातल्या एका फरशीवर वडी घासली. दोन्ही खाती सुरळीत चालू आहेत, असा अहवाल प्रधानांनी राजाला दिला.

भाऊ सुरुवातीला खूश होता. संपूर्ण कागद त्याचा! कोपरा नाही, डोंगर नाही, सरदार नाही. पण बांबूकडे बघणे म्हणजे चित्रखात्याच्या कामात लक्ष घालणे, म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. हळूहळू त्याची अक्षरे विटांसारखी झाली. सारखी, चौकोनी, एकावर एक. प्रधान म्हणाले, “याला म्हणतात अक्षर!” गावोगावी त्याचे नवे फलक लागले. पूर्वी वाचता न येणारी माणसेही त्याच्या फलकासमोर घटकाभर थांबत. आता वाचता येणारीही थांबेनात.

तिकडे बहिणीचे काय? बांबूची पाने काढण्याआधी ती रोज चार अक्षरे गिरवून हात मोकळा करी. ते बंद झाले. तिचे बांबू पेंढा भरल्यासारखे दिसू लागले. आणि चित्राच्या कडेची कोरी जागा ती सोडायची ती सोडायचीच. ती जागा तशीच राही. बघणाऱ्याला वाटे, काहीतरी पडून गेले आहे.

अशात राजाच्या आईने, म्हणजे आईसाहेबांनी, चित्रखात्याला निरोप पाठवला. त्यांचे माहेर डोंगरातले. लग्न होऊन आल्या त्या पुन्हा गेल्याच नाहीत. आधी राजकारणामुळे, मग गुडघ्यांमुळे. निरोप एवढाच होता: “मागच्या दारी आमचं बांबूचं बेट होतं. ते मला माझ्या खोलीत हवंय.”

बहिणीने कागद पसरला. पहिला फाडला, दुसरा फाडला. पाने म्हणजे नुसते सुऱ्यांचे ढीग! मग तिने दाराला कडी घातली, बादलीतल्या पाण्यात कुंचला बुडवला आणि अंगणातल्या तापल्या फरशीवर आईने शिकवलेले पहिले अक्षर लिहिले. माणूस. वाळले. पुन्हा लिहिले. पुन्हा वाळले. हाताला काहीतरी आठवले! ती तशीच उठली, शाईत कुंचला बुडवला आणि एका दमात सगळे बेट कागदावर उतरवले. वाऱ्यासकट.

चित्र आईसाहेबांकडे जाण्याआधी तपासनिसाकडे गेले. नियम होता. तपासनीस हा सज्जन आणि अतिशय काटेकोर माणूस होता. त्याला दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय होती. तो कागदावर वाकला आणि अचानक ओरडला, “माणूस!”

“कुठे?” पहारेकरी भाला सावरत धावला.

“इथे! उजवीकडे, खालून दुसऱ्या फांदीला! दोन पानं नाहीत ती. अक्षर आहे. बाईनं लिहिलंय!”

बातमी गावभर पसरली. सुनावणी उघड्या अंगणात ठेवावी लागली, इतकी गर्दी! लोक भिंतीवर चढून बसले होते, आणि त्या भिंतीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच होत होता. वाफवलेल्या पावांच्या टोपल्या घेऊन विक्रेते फिरत होते. मधे चित्र टांगलेले. एका बाजूला राजा, शेजारी आईसाहेब. समोर बहीण, हातात तिचा कुंचला. तोच तो, आईचा, घाटावरचा.

प्रधानांनी आरोप वाचला आणि म्हणाले, “महाराज, हे अक्षर आहे की पानं, हे ठरवायला तज्ज्ञ हवा. या राज्यात अक्षरातला तज्ज्ञ एकच. आरोपीचा भाऊ.”

गर्दीतून एकदम आवाज उठला आणि तितक्याच एकदम बसला.

भाऊ पुढे आला. ते अक्षर आहे असे म्हटले तर बहिणीचा कुंचला मोडणार. आणि ती पाने आहेत असे म्हटले तर? मग रोज तो जे लिहितो तीही पानेच. म्हणजे तोच चित्रे काढीत होता. म्हणजे कुंचला मोडणार तो त्याचा.

तो चित्राजवळ गेला. बऱ्याच महिन्यांनी तो तिचे चित्र पाहत होता. बेट झुलत होते. डाव्या बाजूला कोरी जागा होती.

“ही जागा कशाला ठेवलीस?” त्याने हळूच विचारले.

“सवय,” बहीण म्हणाली. “तुला काय करायचंय? तू तज्ज्ञ आहेस. बोल लवकर, पाववालीचे पाव थंड होतायत.”

भावाचा चेहरा लाल झाला. तो राजाकडे वळला. “महाराज, ताडून पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. मी शेजारी तेच अक्षर लिहितो. मला सहाण हवी. आणि पाणी, विहिरीचं. ताजं.”

“विहीर दुसऱ्या खात्याची आहे,” प्रधान म्हणाले.

“मग दुसऱ्या खात्यानं द्यावं,” आईसाहेब म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

बहिणीने स्वतः बादली ओढली. भिंतीवर बसलेल्यांनी पलीकडून सहाण वर चढवून हातोहात अलीकडे उतरवली. भिंत बांधल्यापासून दोन्ही खात्यांत झालेला हा पहिला व्यवहार. भावाने वडी उगाळली. ताज्या पाण्यात शाई चमकली. त्याने कुंचला बुडवला आणि विटेसारखे अक्षर मांडायला हात उचलला. तेवढ्यात त्याची नजर त्या दोन पानांवर गेली. वरचे कललेले. खालचे त्याला धरून असलेले.

हात थांबला. मग हाताने डोक्याला विचारणे सोडून दिले.

एक रेघ! दुसरी रेघ! गर्दीने श्वास रोखला होता तो सुटला. कोऱ्या जागेत ‘माणूस’ उभा होता, आणि वाऱ्याने किंचित हलल्यासारखा दिसत होता.

“ठीक,” प्रधान म्हणाले. “आता आईसाहेबांनीच सांगावं. आपल्या माहेरच्या बेटाची पानं यांत कोणती?”

प्रधानांचा डाव चांगला होता. आईसाहेबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या माहेरी मुलींना ती देत नसत. म्हणजे त्या पानांनाच पाने म्हणणार, आणि बहीण सुटली तरी अक्षर वेगळे आणि चित्र वेगळे हे सिद्ध होणार, यात शंका नव्हती. आईसाहेब उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत चित्राजवळ आल्या, डोळे बारीक केले आणि बोट ठेवले.

भावाच्या अक्षरावर.

“ही. अगदी हीच. पाऊस पडून गेला की अशी जड व्हायची.”

अंगणात काय गोंधळ उडाला! लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. एक म्हातारा भिंतीवरून पलीकडच्या खात्यात पडला आणि तिथूनच ओरडला, “काय झालं? काय झालं?” तपासनीस मात्र बहिणीच्या पानांकडे बघून अजून “माणूस, माणूस” असेच म्हणत होता.

भावाने आपला कुंचला राजाच्या पायांशी ठेवला. “महाराज, तज्ज्ञाचं मत असं, की मी इतकी वर्षं पानं काढत होतो आणि माझी बहीण माणसं लिहीत होती. ही भिंत मी मागितली. कुंचला मोडायचा तर माझा मोडा.”

“पुढे पुढे करायची तुझी खोड जात नाही, दादा,” बहीण म्हणाली. पण तिचा आवाज ओला होता. तिनेही आपला कुंचला त्याच्या शेजारी ठेवला.

“दोघेही दोषी!” प्रधान गरजले. “कायदा स्पष्ट आहे. दोन्ही कुंचले मोडण्याचा आणि यापुढे संपूर्ण मनाईचा आदेश लिहा!”

कोणी हलले नाही.

“लिहा म्हणतो ना!”

“लिहिणार कोण?” राजाने विचारले. “लिहिणारा आत्ताच दोषी ठरला.”

“मी लिहितो,” प्रधान म्हणाले. “शुद्ध अक्षर कसं असतं ते बघाच सगळे.”

त्यांनी बाह्या वर केल्या आणि भल्या मोठ्या कागदावर भलेमोठे ‘मनाई’ हे अक्षर लिहिले. त्या देशात हे अक्षर असे असते, की वर दोन झाडे शेजारी शेजारी उभी आणि खाली बैठक. प्रधानांनी जोर लावून झाडे काढली ती दाट, राठ, कपाळाला आठ्या घातल्यासारखी. खालची बैठक ऐसपैस पसरली आणि तिला दोन आखूड पाय फुटले. त्यांनी कागद उचलून सर्वांना दाखवला.

मग पाववाली म्हणाली, “अगं बाई! हे तर प्रधानजीच!”

खरेच की! त्याच भुवया, तेच पोट, गादीवर बसायची तीच तऱ्हा. अंगण हसून हसून लोळू लागले. राजा इतका हसला, की त्याचा मुकुट डोळ्यांवर आला. तपासनीस एकटाच हसला नाही. तो पुढे झाला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “क्षमा असावी, प्रधानजी. आपण स्वतःचं चित्र काढल्याचं निदर्शनास आलं आहे. आपला कुंचला द्यावा.”

तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, “थांबा. मोडायचाच आहे, तर आधी मला एकदा हातात धरू द्या.”

बहिणीने आईचा कुंचला उचलून त्यांच्या हातात दिला आणि बोटे नीट बसवली. “उभा धरायचा, आईसाहेब. आणि घाबरायचं नाही. टेकवला की संपलं.”

“काय काढू?”

“मागच्या दारची दोन पानं काढा.”

आईसाहेबांनी कोऱ्या कागदावर कुंचला टेकवला. पहिले पान वाकडे गेले, दुसरे त्याला कसेबसे जाऊन टेकले. एवढेच. आणि तपासनिसाने, सवयीप्रमाणे, मोठ्याने वाचले:

“माणूस.”

आईसाहेबांनी वळून पाहिले. “काय म्हणालास?”

“माणूस, आईसाहेब. स्पष्ट आहे. वाचता येतंय.”

“म्हणजे मी… लिहिलं?”

भावाने होकारार्थी मान हलवली. आईसाहेब त्या दोन रेघांकडे पाहत राहिल्या. जन्मात त्यांनी लिहिलेले ते पहिले अक्षर होते. मग त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, “आणखी कागद आणा!”

राजा उभा राहिला. “कायदा आता माझ्या आईनंही मोडला आहे,” तो म्हणाला. “कुंचले राहू देत. ती भिंत मोडा.”

भिंत त्याच दिवशी पडली. पाडायला कोणाला बोलवावे लागले नाही. वर बसलेल्यांनी खाली उतरून आधी तेच काम केले. सहाण विहिरीच्या काठावर गेली. चित्र आईसाहेबांच्या खोलीत टांगले गेले, एका कडेला भावाचे अक्षर, दुसरीकडे बहिणीची पाने. भावाने खिडकी उघडली ती पुन्हा लावली नाही. गावोगावच्या फलकांसमोर वाचता न येणारी माणसे पुन्हा घटकाभर थांबू लागली, आणि काही तर फलकावरून कुंचला धरायलाही शिकली. तो सरदार परत आला तेव्हा चित्र बघून “घोडा छान आहे” म्हणाला. पण या वेळी त्याचे कोणी मनावर घेतले नाही.

तात्पर्य : एकाच हातातून उतरलेल्या दोन कलांमध्ये भिंत घातली, की दोन्हीकडच्या लोकांना बघायला फक्त भिंत उरते.

प्रधानांनी त्याच दिवशी अर्ज केला, की आईसाहेबांच्या हातची ती आकृती अक्षर म्हणून दप्तरी लावावी की चित्र म्हणून भिंतीवर टांगावी, याचा खुलासा व्हावा. अर्ज दोन्ही खात्यांच्या अभिप्रायासाठी पाठवायचा होता. दोन्ही खाती एक झाल्यामुळे तो कोणी कोणाकडे पाठवावा, हे अद्याप ठरलेले नाही.

अर्ज प्रलंबित आहे.